दोन हातांचा कोयता

चतुराबाई आमच्या घरी आल्या त्या भाकरी करायला. माझी रजा संपली होती आणि धनश्रीला दिवसभर एकटीला घरात ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी इथे वडवणीत एका कनिष्ठ महाविद्यालयात कारकून आहे. धनश्रीचे वडील एसटीत वाहक, एक दिवस पुण्याच्या गाडीवर आणि एक दिवस घरी. शेजारच्या सत्यशीलाताई म्हणाल्या, "एक बाई आहे, ऊसतोडीची. आता तोडीला जात नाही. हात चांगला आहे तिचा." मला वाटलं, भाकरीचा हात.

धनश्री यंदा दहावीला. जूनमध्ये शिकवणीहून येताना खडीवर सायकल घसरली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. बीडला ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली, दीड महिना प्लास्टर होतं. प्लास्टर काढलं तेव्हा हात वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा दिसत होता. बोटं वळत नव्हती. पंजा उताणा होत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "इथून पुढचे सहा आठवडे महत्त्वाचे. या सहा आठवड्यांत जेवढा वळेल तेवढा तुमचा. सांधा आखडला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि तेव्हा मी आजच्याएवढी खात्री देणार नाही."

तिला चार व्यायाम लिहून दिले होते, दिवसातून चार वेळा करायचे. रबरी चेंडू दाबायचा, टेबलाच्या कडेवर मनगट ठेवून खालीवर करायचं, तसलं. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी रडली. तिसऱ्या दिवशी तिने चेंडू पलंगाखाली फेकला आणि म्हणाली, "माझा हात आहे, माझं मी बघीन." त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. विचारलं की "नको", जेवायला हाक मारली की "येते". दहा वर्षांची असल्यापासून ती चित्रं काढते, मोठ्या डोळ्यांची, उडत्या केसांची जपानी माणसं. त्या सगळ्या वह्या तिने एका पिशवीत भरल्या आणि वडिलांना माळ्यावर ठेवायला लावल्या. पिशवी वर गेली त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मी समजावलं, रागावले, आमिषं दाखवली. मोबाईलवर आखडलेल्या सांध्यांची माहिती वाचत बसायचे, आणि जितकं वाचायचे तितकी तिच्या मागे लागायचे. मी खोलीत शिरले की ती हात पांघरुणात घ्यायची.

चतुराबाई साठीच्या आसपासच्या, उंच, सडसडीत. पहिल्या दिवशी त्यांनी धनश्रीचा हात, एखादी भाजी निवडायला घ्यावी तसा, सरळ हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"दुखतंय व्हय?"

"हो."

"दुखू दे. मेलेलं दुखत न्हाई."

धनश्रीने हात ओढून घेतला. मला तर ते बोलणं मुळीच आवडलं नाही. पण भाकरी खरंच सुरेख होत्या.

त्या शनिवारी माझा अर्धा दिवस होता. मी स्वयंपाकघरात डबा घासत होते. बाहेरच्या खोलीत धनश्री मोबाईलवर काहीतरी पाहत पडलेली, आणि चतुराबाई फरशी पुसत होत्या.

"काय बघतीस गं?"

"पिक्चर."

"कोन्ता?"

"जपानी आहे, मावशी. मंगावरून काढलेला."

"मंगा कोन? तुझी मैतरीन?"

मला हसू आलं. आणि पाठोपाठ धनश्रीचंही हसू ऐकू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मी नळ बंद केला.

"मैत्रीण नाही! मंगा म्हणजे चित्रांची गोष्ट. जपानमध्ये पुस्तकंच्या पुस्तकं असतात तशी. ह्याची तेवीस आहेत. त्याच्यावरून आता खरी माणसं घेऊन पिक्चर काढलाय, सामुराईचा. सामुराई म्हणजे तलवारवाले."

"मंग चित्रं बरी व्हती का मान्सं बरी हायत?"

हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. विचारायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. धनश्री उठून बसली आणि पंधरा मिनिटं बोलत राहिली. चित्रांत त्याचे केस असे नव्हते. पहिल्या पुस्तकातला पूर दाखवलाच नाही. घोडा चांगला घेतलाय, पण पाऊस खोटा वाटतो. गोष्ट अशी होती : तोकुजिरो नावाचा एक सामुराई. त्याच्या सरदाराचं घराणं बुडालं, त्याचा जिवलग मित्र लढाईत मेला. मित्राची तलवार मित्राच्या आईच्या हातात द्यायला तो पायी निघतो. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत शत्रू.

"आणि पुस्तकांत त्याच्यासोबत ओकिनू असते, मावशी. मित्राची बहीण. ती रस्ता विचारते, जेवण मिळवते, त्याच्या जखमा शिवते. एकदा तर ती नसती तर तो मेलाच होता. आणि पिक्चरवाल्यांनी तिला काढूनच टाकलं! अख्खी! तो एकटाच फिरतोय."

चतुराबाईंनी फडकं पिळलं. "म्हंजी ह्यो अर्धा कोयता."

"काय?"

"अर्धा कोयता. तोडीला जाताना मुकादम इचारतोय, किती कोयते? तवा मान्सं न्हाई मोजीत. नवराबायकू मिळून येक कोयता. येकटा मानूस म्हंजी अर्धा. अर्धा कोयता कुनी नेत न्हाई."

"का नाही नेत?"

"येकानं तोडायचं, येकानं मोळी बांधायची, डोक्यावर घिऊन गाडीत टाकायची. येकटा काय काय करील? ह्या तुज्या तुकाजीला कुनी नेलं?"

"तोकुजिरो."

"त्येच की."

चतुराबाईंचं आयुष्य मला कळलं ते असं तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक धनश्रीकडून. मी कधी विचारलं नव्हतं. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी तोडीला गेल्या, तेव्हा त्या पंधराच्या होत्या. नवरा त्रिंबक तोडायचा, त्या मोळ्या उचलायच्या. दोन लेकरं कोपीतच झाली. कोपी म्हणजे फडाशेजारची पाचटाची झोपडी. त्यांच्या चौतिसाव्या वर्षी, हंगाम ऐन भरात असताना, त्रिंबक तापाने गेला. तीन दिवसांचा ताप. त्यांनी त्याला गावी आणून माती दिली, आणि पुढच्या दसऱ्यानंतर मुकादमाकडे नाव द्यायला गेल्या. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता नको.

"मंग?" धनश्रीने विचारलं. ती आता त्यांच्यासारखंच बोलू लागली होती.

"मंग काय. घाटनांदूरच्या बाजूची येक बाई व्हती, तुळजाबाई. ती बी तशीच, मालक गेलेली. तिला बी न्हाई म्हन्ले. आमी दोगी बाजारात भेटलो. मी म्हन्लं, बाई, तू अर्धी अन् मी अर्धी. गेलो मुकादमाकडं. म्हन्लं, लिव्ह एक कोयता."

"लिहिला त्याने?"

"लई हसला. टोळीतले गडी बी हसायचे. म्हनायचे, तुमच्यात नवरा कोन अन् बायकू कोन? तुळजा म्हनायची, आज जी सैपाक करीत न्हाई ती नवरा."

अकरा हंगाम त्या दोघींनी एक कोयता म्हणून काढले. एक दिवस चतुराबाई तोडायच्या आणि तुळजाबाई मोळ्या उचलायच्या, दुसऱ्या दिवशी उलट. म्हणजे कुणाची मान कायमची जाणार नाही आणि कुणाचं मनगट कायमचं जाणार नाही. जोड्यांमध्ये अशी पाळी नसते, असं त्या म्हणाल्या. जोडीत ज्याचं काम त्याचंच राहतं, मरेपर्यंत.

मोबाईलचा पडदा चतुराबाईंना लहान पडायचा. मग धनश्रीने वडिलांकडून मोबाईल टीव्हीला जोडायची तार आणवून घेतली आणि पिक्चर टीव्हीवर लावला. भाषा जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. चतुराबाईंना दोन्ही सारखंच. त्यामुळे धनश्रीला प्रत्येक वाक्य मराठीतून सांगावं लागायचं, आणि चतुराबाई मध्येच थांबवायच्या, "थांब, थांब. ह्यो आता काय म्हन्ला? अन् त्यो म्हातारा कावून रडतोय?" दोन तासांचा पिक्चर, पण भांडी, भाकरी आणि प्रश्न सांभाळून आठवडा झाला तरी संपला नव्हता. मी संध्याकाळी यायचे तेव्हा धनश्री मला सांगायची, आज कुठपर्यंत आला. माझ्याशी ती आपणहून बोलत होती. मी हाताचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर ती पुन्हा मिटली असती. पण मनात दिवस मोजणं थांबलं नव्हतं. प्लास्टर काढून चौथा आठवडा लागणार होता, आणि हात तसाच पांघरुणात होता.

चतुराबाईंना तो पिक्चर आवडला होता, पण पटला नव्हता.

"येवडी मान्सं कापली ह्यानं. येकदा तरी धार लावली का? आमी दुपारला कानस काढायचो."

"मंगात आहे, मावशी! सातव्या पुस्तकात नुसती धार लावतानाची चित्रं आहेत, पानंच्या पानं. पिक्चरवाल्यांनी गाळलं."

"गाळनारच. त्यास्नी काय, त्यांचा हात दुखतोय का?"

आणि एकदा, मी आतून ऐकत असताना :

"ह्यानं दोन्ही हातांनी कावून धरलीय?"

"सामुराईची तलवार तशीच धरतात. दोन हातांनी."

"मंग ऊस कोन धरील?"

"मावशी, तिथं ऊस नाहीये!"

"न्हाई कसा. समद्यांच्या माना हायत की."

धनश्री इतकी हसली की तिला ठसका लागला. चतुराबाई हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. नंतर धनश्रीने सांगितलं की त्यांनी तो तुकडा तीनदा मागे घेऊन लावायला सांगितला, ज्यात तोकुजिरोच्या खांद्याला बाण लागलेला असतो आणि तरी तो लढतो.

"ह्याचा उजवा तर मेलाय. मंग जोर कुटून येतोय?"

"डाव्या हातातून. उजवा नुसता वर ठेवलाय."

"व्हय. तेच म्हन्ते मी."

आमच्याकडे डावा हात ऊस धरतो आणि उजवा मारतो, हात एकमेकांचं काम करत नाहीत, असं त्यांनी तिला समजावलं. एकाच दांड्यावर दोन हात त्यांनी जन्मात कधी ठेवले नव्हते.

यापुढचं काही मला ठाऊक नव्हतं. एका गुरुवारी दुपारीच कॉलेजातली वीज गेली आणि मी तीनला घरी आले. फाटक उघडंच होतं. अंगणात धनश्री उभी, दोन्ही हातांत खराट्याचा दांडा धरून डोक्यावर नेलेला. उजव्या मनगटावरचा टाक्यांचा व्रण लालबुंद, चेहरा त्याहून लाल, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि चतुराबाई पायरीवर पाय पसरून बसून सांगत होत्या, "डाव्यानं ने. उजव्याला निस्तं बसवून ने, गाडीत बसल्यावानी. हां. आता फिरव. अजून येक."

मी काय काय बोलले ते सगळं आज लिहवत नाही. तिच्या हातात लोखंड बसवलंय, तुम्हाला कळतं का काही. पुन्हा मोडला म्हणजे. कुणाला विचारून केलं हे. आणि शेवटी म्हणाले, "हा काय उसाचा फड वाटला का तुम्हाला?"

धनश्री म्हणाली, "आई." एवढंच.

चतुराबाई उठल्या. नळावर हात धुतले, पदराला पुसले. "भाकरी झाकून ठिवल्यात," म्हणाल्या आणि फाटक ओढून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. धनश्री पुन्हा पलंगावर, पाठ दाराकडे. टीव्ही बंद. मला वाटत होतं, मी बरोबर केलं. आई म्हणून दुसरं काय करणार होते? असं दिवसभर वाटत राहिलं, आणि दिवसभर ते पुन्हा पुन्हा वाटून घ्यावं लागत होतं.

सोमवारी बीडला तपासणी होती. व्यायाम घेणाऱ्या तिथल्या मॅडम तरुण आहेत, कमी बोलतात. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी एक मोठी पट्टी हाताला लावून त्या मोजतात. प्लास्टर काढलं त्या दिवशी पंजा उताणा करताना दहा अंश भरले होते. आता मोजलं तर पस्तीस. त्यांनी पट्टी काढली, पुन्हा लावली.

"चेंडू दाबतेस का रोज?"

"नाही," धनश्री म्हणाली.

"मग काय करतेस?"

धनश्रीने माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळं सांगितलं. मंगा, पिक्चर, ओकिनूला काढून टाकलं ते, बाण लागलेला खांदा, चतुराबाई. मॅडमनी कोपऱ्यातली छत्री तिच्या हातात दिली. "करून दाखव." तिने दोन्ही हातांनी छत्री धरली, डाव्या हाताने वर नेली, उजवा नुसता सोबत. मग हळूहळू बाजूला वळवली. तिचे ओठ घट्ट मिटले होते.

"हेच तर आम्ही सांगतो," मॅडम मला म्हणाल्या. "चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला न्यायचं. आम्ही काठीचा व्यायाम म्हणतो, कागदावर चौथा तोच लिहिलाय. पण मुली घरी जाऊन कागद ठेवून देतात." मग धनश्रीला म्हणाल्या, "आजचा हात जरा ताठलाय. दोनचार दिवस बंद होतं का?"

धनश्रीने माझं नाव घेतलं नाही.

"माझ्यामुळे बंद होतं," मी म्हणाले.

कागद माझ्याच पर्समध्ये होता. चार घड्या घातलेला. मी पहिले तीन व्यायाम पाठ केले होते आणि चौथ्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते, कारण तीनवरच रोज भांडण व्हायचं.

वडवणीला उतरल्यावर धनश्रीला घरी सोडलं आणि मी रिक्षा करून चतुराबाईंच्या वस्तीवर गेले. सहा किलोमीटर. घर पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात एक ठेंगणी, गोरी बाई शेंगा फोडत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक दिली, "चतुरे! फडातल्या बाई आल्यात बघ."

ती तुळजाबाई. मला माहीतच नव्हतं की त्या दोघी अजून एकत्र राहतात. लेकरं आपापल्या संसाराला लागली, तोड सुटली, पण जोडी सुटली नव्हती.

चतुराबाई बाहेर आल्या. "या ताई. येकट्याच? मला वाटलं पोलीस घिऊन येताल."

मी माफी मागितली. ती मागताना मला रडू आलं आणि ते मला नको होतं, कारण मग माफी बाजूला राहते आणि लोक आपल्यालाच समजावत बसतात. तुळजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "रडा, रडा. पन शेंगांवर नका रडू, वाळवायच्यात."

चतुराबाई म्हणाल्या, "तुमी बोल्ला त्याचं न्हाई येवडं वाटलं, ताई. लेकराची आई हाव, बोलनारच. मी बी न इचारता क्येलं, चुकलंच. पन पिक्चर अर्धा राह्यला त्याचं लई वाटलं. ती म्हातारी भेटली का त्याला?"

"कोण म्हातारी?"

"जिला तलवार द्यायचीय ती... त्या मेलेल्याची आई हो."

मला माहीत नव्हतं. मी तो पिक्चर दाराआडून ऐकला होता, पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई आल्या. या खेपेला अंगणात मीही थांबले, बिनपगारी रजा टाकून. कागदावर किती वेळा, किती सेकंद, ते मी वाचायचं. दांडा कसा धरायचा ते त्या बघायच्या. "मूठ सैल, मनगट मोकळं. आवळून धरलं की दोन दिसांत सुजतंय," हे कागदावर नव्हतं. मॅडमना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतात त्या." दुखायचं. रोज दुखायचं. धनश्री कधी दांडा फेकून द्यायची, आणि चतुराबाई तो शांतपणे उचलून आणायच्या. "तुकाजीनं टाकली का कधी?" "त्याला पैसे देतात, मावशी." "मंग मी आता भाकर दिते."

रविवारी तुळजाबाईंनाही घेऊन आल्या. पिक्चर पहिल्यापासून पुन्हा लागला, आम्ही चौघी आणि दारात टेकून धनश्रीचे वडील. मी पहिल्यांदा तो शेवटपर्यंत पाहिला. म्हातारी भेटते. ती आंधळी असते. तलवार हातात घेऊन ती काही बोलत नाही, फक्त मुठीवरून बोट फिरवते. इंग्रजी अक्षरं तिथे नव्हती, तरी धनश्री भाषांतर करत होती. म्हणाली, "मंगात इथं ती म्हणते, ही त्याची मूठ. इथं झिजलीय."

तुळजाबाई म्हणाल्या, "बोलायला पायजे व्हतं तिनं."

"न बोललेलंच बरं हाय," चतुराबाई म्हणाल्या आणि त्यावर दोघींचं जे भांडण जुंपलं ते चहा संपेपर्यंत चाललं.

हे लिहिताना मला वाटतं, मी कुणाकुणाचे आभार मानायचे? जपानमधल्या कुणीतरी तेवीस पुस्तकं चित्रं काढत बसण्यात आयुष्य घातलं. त्याला वडवणी ठाऊक नाही. ज्याने पिक्चर काढताना ओकिनूला गाळलं त्याच्यावर माझ्या मुलीचा अजून राग आहे, पण माझा नाही. त्याने तिला ठेवलं असतं तर चतुराबाईंना तो माणूस अर्धा वाटला नसता, आणि अर्ध्याचं बोलणं निघालं नसतं तर तुळजाबाई, अकरा हंगाम, दोन हातांची मूठ, यातलं काहीच आमच्या घरात आलं नसतं. आणि चतुराबाईंचे आभार मी कसे मानू? साडी नेली तर म्हणाल्या, "एकच? आमी दोगी हाव." मी दुसऱ्या दिवशी दुसरी नेली. खरं तर आभार मानायची वेळ आली की मला अजूनही आधी तो फड आठवतो, माझ्याच तोंडचा. त्यांनी तो पुन्हा कधी काढला नाही. तुळजाबाई काढतात, दर रविवारी.

सहा आठवडे संपले तेव्हा आम्ही बीडला गेलो. मोजणी झाली. डावा पंचाऐंशी, उजवा सत्तर. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला, हात दाबून, वळवून पाहिला. शेवटचे दहापंधरा अंश कदाचित कधीच येणार नाहीत, असं ते म्हणाले. प्रसाद घेताना कोपर थोडं आत घ्यावं लागेल. पेपर लिहिताना अधूनमधून थांबावं लागेल, पण लिहील ती, स्वतःच्या हाताने. दुसरं ऑपरेशन नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसले. धनश्रीने माझ्या पर्समधून मोबाईल काढला आणि तिथूनच फोन लावला.

"मावशी, ऑपरेशन नाही! डॉक्टर म्हणाले, नाही!"

पलीकडून चतुराबाईंचा आवाज इतका मोठा आला की शेजारच्या बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. "बरं झालं गं माय! मंग उद्यापास्नं भांडी तू घासायची. माझी कंबर गेली."

मला वाटलं, चेष्टा. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर चतुराबाई मोरीच्या बाहेर पाटावर बसल्या होत्या, आणि आत धनश्री. तिच्यापुढे पिठल्याची कढई, तळाला करपलेली. डाव्या हाताने कढई धरलेली आणि उजव्या हातात घासणी. ती गोल फिरवायची, थांबायची, मनगट झटकायची, पुन्हा फिरवायची. कपाळावर घाम होता. एक कढई घासायला इतका वेळ लागत होता की तेवढ्यात मी सगळी भांडी घासून पालथी घातली असती. "पुरे गं, ठेव, मी करते," हे माझ्या अगदी ओठांवर आलं.

चतुराबाईंनी माझ्याकडे वर पाहिलं. त्या पाटावर थोड्या सरकल्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि कढई होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो.